गुडघ्यावरची थाप

कडककाकांचा डावा पाय सकाळी जमिनीला टेकायच्या आत पट्टीत गेला पाहिजे, हा त्या घरातला नेम सव्वीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता.

त्यांना कडककाका म्हणायचे ते त्यांच्या इस्त्रीमुळे. त्यांनी घडी घातलेला शर्ट एकटाच ऑफिसात जाऊन सही करून परत येईल, असं गिऱ्हाइकं म्हणायची. माणूस मात्र सुती, आणि तोही बराच धुतलेला. कोणी आवाज चढवला तर हे इस्त्री उभी करून ठेवायचे आणि समोरच्याचं बोलून होईपर्यंत ऐकून घ्यायचे. चाळीस वर्षं त्यांनी एका टेबलापाशी उभं राहून काढली. इस्त्री बसून होत नाही, खांद्याचा भार वरून यावा लागतो. तो सगळा भार उतरत उतरत डाव्या पायात जाऊन बसला. घोट्यापासून मांडीपर्यंत शिरा फुगल्या, निळ्या-जांभळ्या, वळणं घेत गेलेल्या, कुठं कुठं करंगळीएवढ्या जाड. संध्याकाळी पाय भिजलेल्या चादरीसारखा जड व्हायचा.

तेव्हाच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "रात्रभर आडवं पडलं की ह्या शिरा रिकाम्या होतात. पाय खाली सोडला की भरल्याच. तेव्हा त्या भरायच्या आत बांधून टाकायच्या." काकांनी ते ऐकून सोडून दिलं. काकूंनी सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे काका डोळे उघडतात तो काकू पायाशी बसलेल्या, हातात क्रेप पट्टीची गुंडाळी. बोटांच्या मागून सुरुवात, टाचेला झाकून, घोट्याभोवती इकडून तिकडे, मग वर वर, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढलेला. बांधायच्या आधी त्या एकदा अंगठ्यानं सगळ्या शिरा चाचपून बघायच्या. शेवटी पट्टीचं टोक खोचायचं, आणि गुडघ्यावर एक थाप मारायची.

"उठा. गिऱ्हाईक उभं आहे."

गिऱ्हाईक कुठलं उभं असतंय त्या वेळी. पण थाप पडल्याशिवाय काका उठायचे नाहीत.

काकूंचं काम डाग काढण्याचं. दुकानाच्या मागच्या खोलीत मोरीजवळ त्यांची लाकडी पेटी असायची. तिच्यात स्पिरिटची बाटली, लिंबूसत, दोन-तीन ब्रश, कापसाचा बोळा. कुठला डाग गरम पाण्यानं पळतो आणि कुठला गरम पाण्यानं कायमचा बसतो, हे त्यांना वास घेऊन कळायचं. माणसांची नावं त्यांच्या कधी लक्षात राहिली नाहीत. डाग राहायचे. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात सगळी वस्ती डागांच्या नावानं नांदायची. "चहाची बाही आज कपडे न्यायला आली नाही." "तेलकट कॉलरच्या घरात काहीतरी चाललंय, तीन आठवडे पांढरं काही धुवायला दिलं नाही." काका म्हणायचे, "अग, त्यांना नाव आहे." काकू म्हणायच्या, "मला काय त्यांची हजेरी घ्यायचीय?"

एकदा काकांनी गमतीनं विचारलं होतं, "आणि मी कोण?"

"तुम्ही धुवायला देऊन न्यायचे विसरलेले," काकू म्हणाल्या होत्या. "पडून आहात इथं."

दोन वर्षांपूर्वी काकूंच्या डोक्यातून गोष्टी गळायला लागल्या. आधी वार गेले, मग गॅस बंद करायचा राहू लागला, मग नातीला त्या लेकीच्या नावानं हाक मारू लागल्या. लेक दोन गल्ल्या सोडून राहायची, औषधांच्या दुकानात नोकरीला होती. ती आईला डॉक्टरांकडे नेऊन आणायची, गोळ्यांच्या डब्या लावून द्यायची आणि जाताना दारात उभं राहून डोळे पुसायची.

मग एका सकाळी काकूंनी पायाशी बसल्या बसल्या काकांच्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "तुम्ही कोणाकडे आलात?"

काका कोपरावर टेकून अर्धवट उठले. तेवढ्यात काकूंचा हात सवयीनं पायावर गेला. अंगठा घोट्यावरून पोटरीवर सरकला, थांबला, पुढं गेला, आणि काकूंच्या कपाळावर आठी पडली.

"अहो, काल परत स्टुलावर टेकला नाहीत ना? बघा कशी तटतटलीय. सांगून सांगून माझं तोंड दुखलं."

काका नुसते हसले. डोळे भरून आलेले तिला दिसू नयेत म्हणून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

त्यानंतर हे बऱ्याच सकाळी व्हायचं. तोंड बघून ओळख पटायची नाही. पट्टी बांधायला घेतली की पटायची, आणि मग टिकायची. कधी दुपारपर्यंत, कधी दिवे लागेपर्यंत. काकांनी हे कोणाला सांगितलं नाही. लेकीलाही नाही. सांगितलं तर ती आणखी एका डॉक्टरांकडे नेईल, असं त्यांना वाटलं. शिवाय नवराबायकोतली गोष्ट, ती काय सांगायची.

*

ऑपरेशनचा विषय निघाला तो काकू हरवल्या त्या दिवशी.

दुपारची वेळ होती. काका शाळेच्या गणवेशांच्या चळतीत बुडालेले. काकूंनी तयार कपड्यांचा एक गठ्ठा उचलला आणि "देऊन येते" म्हणून निघाल्या. काकांना वाटलं समोरच्या इमारतीत. मान वर केली तर काकू पार रस्त्याच्या टोकाला. काका धावले. धावले म्हणजे काय, पाय ओढत निघाले. हाका मारल्या. काकू रुळांवरच्या पुलाच्या पायऱ्या झपाझप चढत गेल्या, गठ्ठा डोक्यावर, तोल तसूभर हलत नव्हता. काका आठव्या पायरीवर बसले. पोटरीत असा गोळा आला की डोळ्यांपुढं अंधारी आली. घोट्याजवळची शीर फुटली होती आणि चप्पल रक्तानं चिकट झाली होती. वर बघितलं तेव्हा काकू पुलाच्या मध्यावर होत्या, मग दिसेनाशा झाल्या.

साडेतीन तासांनी सापडल्या. तीस वर्षांपूर्वी एक शिक्षिका जिथं राहायची त्या घराच्या पायरीवर बसलेल्या. त्या जागी आता टायरचं दुकान होतं. काकू दुकानदाराला सांगत होत्या, "बाई शाळेतून आल्या की द्यायचेत. मी थांबते. घाई नाही."

त्या संध्याकाळी लेक बोलली. रडली नाही, म्हणजे मामला गंभीर होता.

"बाबा, तिच्या पायाला भिंगरी आणि तुमच्या पायात शिसं. कसं जमायचं? आज सापडली. उद्या?"

"दार लावून घेत जाईन."

"दुकानाचं दार लावणार? गिऱ्हाइकांनी कपडे काय खिडकीतून टाकायचे?" तिनं वडिलांचा पाय उशीवर उचलून ठेवला. "निळ्या खिशाला विचारलंय मी. छोटं ऑपरेशन आहे. शिरा काढून टाकतात. सकाळी जायचं, दुपारी चालत घरी यायचं. पुढच्या महिन्यात तुम्ही तो पूल चढाल."

निळा खिसा म्हणजे शिरांचे डॉक्टर. कॉलेजात शिकत होते तेव्हापासून त्यांचे पांढरे कोट ह्याच दुकानात यायचे, आणि प्रत्येक कोटाचा वरचा खिसा गळक्या पेनानं निळा झालेला असायचा. आता मोठे सर्जन झाले होते, पेनं महाग झाली होती, गळायची तशीच.

काका तपासायला गेले. डॉक्टरांनी पायावर यंत्र फिरवलं आणि पडद्यावर काय काय दाखवलं. मग सगळं समजावून सांगितलं. मांडीतली एक मोठी शीर आतून बंद करायची, आणि वर फुगलेल्या ज्या दिसतात त्या बारीक बारीक छेदांतून ओढून काढायच्या. टाकेसुद्धा नाहीत.

काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली.

"पट्टी बांधायची राहील ना?"

"अहो काका, तीच तर सुटणार!"

"तसं नाही. बांधली तर चालेल ना?"

डॉक्टर हसायला लागले. "लोक माझ्याकडे येतात ते पट्टीतून सोडवा म्हणून. तुम्ही पहिलेच. चालेल की. दोन महिने तर बांधावीच लागेल. पुढं हौस असेल तर जन्मभर बांधा."

काकांचा जीव भांड्यात पडला. पट्टी राहतेय, म्हणजे सकाळ राहतेय, असं त्यांनी धरलं. आपली बायको आपल्याला पट्टीनं ओळखते, अशी त्यांची समजूत होती. त्यात त्यांचं काही चुकलं असं म्हणवत नाही. इतक्या वर्षांत त्यांनी बायकोचे हात पट्टीवरच बघितले होते.

*

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी काकांना दवाखान्यात स्टुलावर उभं केलं आणि जांभळ्या पेनानं पायावरच्या एकेक शिरेच्या कडेनं रेघा काढल्या. हे उभं असतानाच करावं लागतं. माणूस ऑपरेशनच्या टेबलावर आडवा झाला की शिरा रिकाम्या होतात, दिसत नाहीत. मग उरतात त्या नुसत्या रेघा, आणि त्या बघूनच काम करायचं.

"काका, आज पाय धुवायचा नाही. उद्या सकाळी असेच या."

सकाळी काका मुद्दाम लवकर जागे झाले. पण काकू आधीच पायाशी बसलेल्या. चादर बाजूला केलेली. त्यांचं लक्ष काकांच्या तोंडाकडे नव्हतंच.

"हे काय फासून घेतलंय? कोणी केलं हे?"

"असू दे ग."

"काय असू दे! शाई एकदा बसली की बसली." त्या उठल्या. काल दुपारी त्यांना स्वतःच्या घरातली मोरी सापडली नव्हती, आज अंधुक उजेडात त्या सरळ आपल्या पेटीपाशी गेल्या. बाटलीचं बूच काढून हुंगलं. रेघेवर बोट ओलं करून लावलं, बोटाकडे बघितलं. "पाण्यानं पसरेल. स्पिरिटच पाहिजे. आणि कडेकडून आत यायचं, मधून बाहेर जायचं नाही, नाहीतर डाग मोठा होतो. किती वेळा सांगितलंय तुम्हाला."

काकांनी पाय सैल सोडला.

पायाला गार लागत होतं. कापसाचा बोळा फिरत होता. काकू रागावत होत्या, पुटपुटत होत्या, लहान पोर आहात का म्हणून विचारत होत्या. दोन वर्षांत इतकं सलग त्या बोलल्या नव्हत्या. काकांना माहीत होतं की हे थांबवायला हवं. डॉक्टरांनी अर्धा तास घालवलाय, हेही माहीत होतं. ते पडून राहिले. जरा वेळ डोळेही मिटले.

पाय लख्ख झाल्यावर काकूंनी अंगठ्यानं चाचपून बघितलं, पट्टी बांधली, टोक खोचलं, थाप मारली.

"उठा. गिऱ्हाईक उभं आहे."

दवाखान्यात नर्सनं पट्टी सोडली आणि ती डॉक्टरांना बोलवायला गेली. डॉक्टर आले. पायाकडे बघितलं. काकांकडे बघितलं.

"रेघा?"

"डाग समजून काढल्या तिनं," काका म्हणाले. अपराध्यासारखे.

लेकीनं कपाळावर हात मारला. काकूंना घरी एकटं ठेवता येत नव्हतं म्हणून बरोबर आणलं होतं. त्या खुर्चीवर ताठ बसून डॉक्टरांच्या खिशाकडे बघत होत्या.

"तुझी शाई होती होय? पेन बदल रे बाबा आता. मोठा झालास."

नर्स मास्कच्या आत हसली. डॉक्टरही हसले, पण घड्याळाकडे बघून. यंत्र शेजारच्या खोलीत अडकलं होतं. "काका, चढा स्टुलावर. वरच्या तर दिसतील. पण गुडघ्यामागची एक आत दडलीय, तिच्यासाठी यंत्र येईपर्यंत थांबावं लागेल."

"मला विचार की," काकू म्हणाल्या.

त्या उठल्या आणि स्टुलापाशी खाली बसल्या. डोळे मिटले. अंगठा काकांच्या घोट्यावर टेकवला. डॉक्टरांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी पेन काढलं आणि तेही खाली बसले. काकूंचा अंगठा सरकू लागला, त्याच्यामागून पेन.

"ही पहिली आली. दुकान नवीन होतं तेव्हा." अंगठा वर चालला. "ही गणवेशांच्या वर्षातली. चारशे गणवेश घेऊन बसले होते, म्हणजे उभे होते. ही लेकीच्या लग्नाच्या वेळची. रडले नाहीत, रात्रभर इस्त्री करत बसले, सगळ्या वऱ्हाडाची. ही लाजरी आहे, दाबली की पळते. इथं गाठ आहे, इथं जोर द्यायचा नाही, त्यांना दुखतं, पण बोलत नाहीत." मग हात गुडघ्यामागं गेला आणि तिथं थोडा वेळ थांबला. "आणि ही. ही डोळ्याला दिसत नाही."

डॉक्टरांनी तिथं बारीक फुली केली. मागाहून यंत्र आणून बघितलं तर शीर फुलीखालीच होती.

काका स्टुलावरून खाली बघत होते. काकूंचा विरळ झालेला भांग दिसत होता. हिला काही आठवत नाही म्हणतात, ह्यांना काय ठाऊक, असं त्यांच्या मनात आलं. हिनं सगळं इथं जपून ठेवलंय. आणि लगेच मनात दुसरं काहीतरी हललं. त्याला नाव देता येईना. जिन्याची पायरी संपली असं समजून पाय टाकावा आणि खाली आणखी एक निघावी, तसं काहीसं.

"डॉक्टर," ते म्हणाले.

"बोला काका."

काकांनी लेकीकडे बघितलं. ती आईला उठवत होती, पदर सारखा करत होती. तिला पुलावरची दुपार आठवत असणार. काकांनाही आठवली. डोक्यावरचा गठ्ठा, लांब लांब जाणारा.

"काही नाही," ते म्हणाले. "करा."

*

दुखलं असं फारसं नाही. पाय बधिर केला होता. काकांना मधूनच ओढ जाणवायची, पायजम्याची नाडी ओढून काढावी तशी. डॉक्टर सुईच्या टोकाएवढा छेद घ्यायचे, आकड्यानं शीर वर उचलायचे आणि हळूहळू ओढायचे. दुपारी सकाळचीच नर्स काकांना म्हणाली, "बघायच्यात?" आणि तिनं ट्रे पुढं केला. काकांना वाटलं होतं निळ्या असतील. पांढुरक्या होत्या. उसवलेल्या शिवणीतून काढलेल्या दोऱ्यांसारखे तुकडे, ओले, एकात एक गुंतलेले. ह्यातली गणवेशांची कुठली, असं विचारावंसं त्यांना वाटलं.

पायाला जाड बँडेज बांधून त्यांना लगेच चालवलं. व्हरांड्यात दहा फेऱ्या. काकू बाकावर बसून बघत होत्या.

"कोणी बांधलंय हे?" त्यांनी लेकीला विचारलं. "घोट्याला ढिलं आहे. आमचे हे कुठं गेले? त्यांचंही असंच बांधतील."

"अग, हेच बाबा."

काकूंनी चालणाऱ्या माणसाकडे नीट बघितलं. मग सभ्यपणे हसल्या, अनोळखी माणूस बघून हसतात तशा.

आठ दिवस बँडेज सोडायचं नव्हतं. आठ दिवस काकू सकाळी उठायच्या, गुंडाळी हातात घ्यायच्या आणि खोलीत फिरायच्या. पाय आधीच कोणीतरी बांधून ठेवलेला. त्यांना बसायला जागाच मिळेना. काकांना त्या कधी दादा म्हणायच्या, कधी काहीच नाही. काका मनाशी म्हणायचे, आठ दिवसांचा प्रश्न आहे. बँडेज सुटू दे, हात पायाला लागू दे.

नवव्या दिवशी दवाखान्यात बँडेज काढलं. लेक तर थक्कच झाली. "बाबा, कसला सुरेख झालाय!" चार-दोन काळे-निळे वण सोडले तर पाय सपाट, गुळगुळीत. रात्री काकांनी काकूंची गुंडाळी उशाशी ठेवली आणि झोपले.

सकाळी डोळे उघडले तेव्हा काकू पायाशी होत्या. खिडकीतून पांढरा उजेड आला होता. काका हलले नाहीत. श्वाससुद्धा जपून घेत होते.

काकूंनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. "तुम्ही आमच्या ह्यांच्या जागेवर झोपलात."

"बांध की," काका म्हणाले.

काकूंचा हात पायावर आला. अंगठा घोट्यावर टेकला, पोटरीवर गेला, परत घोट्यावर आला. पुन्हा वर गेला. खिशात किल्ली ठेवली होती, ती नाही असं कळल्यावर माणूस पुन्हा पुन्हा खिसा चाचपतो, तसा तो हात चालला होता. गुडघ्यामागं गेला. तिथं थांबला.

मग त्यांनी हात काढून घेतला.

"हा नाही."

"अग, मीच आहे."

"नाही हो. हा कोणाचा तरी कोरा पाय आहे." त्यांनी चादर नीट त्या पायावर घातली, आणि गुंडाळी घेऊन उठल्या. पडदा सारून बाहेर दुकानात गेल्या. तिथून त्यांची हाक आली, घाबरी, पण दटावणारी, "अहो! कुठं आहात? पाय खाली टाकू नका हं. आले मी, आलेच."

काकांनी पाय खाली टाकला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा उघडा पाय, सकाळचा, जमिनीवर. काही झालं नाही. दुखलं नाही, तटतटलं नाही. पाय विशीतल्यासारखा हलका होता. ते तीन ढांगांत दुकानात पोचले. आता त्यांना कितीही लांब जाता आलं असतं तिच्या मागं.

काकू टेबलाखाली वाकून बघत होत्या. "आमचे हे दिसले का तुम्हाला? डावा पाय बांधायचाय त्यांचा. उठून उभे राहिले तर सगळ्या भरतील."

काका गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसले.

"येतील," ते म्हणाले. "तोवर माझा बांधून देता का? डॉक्टरांनी दोन महिने सांगितलंय."

काकूंनी पायाकडे बघितलं, दाराकडे बघितलं. दुकानात आलेल्या माणसाला त्यांनी आजवर परत पाठवलं नव्हतं.

"बसा. पण ते आले की मला उठावं लागेल."

"हो."

त्या खाली बसल्या. बोटांच्या मागून सुरुवात केली. टाच झाकली. हात तसेच होते, सफाई तीच, वेढ्यावर अर्धा वेढा. फक्त ताण कमी होता. परक्याचा पाय म्हणून बेतानं बांधत होत्या.

"आमच्या ह्यांचा पाय असा नाही," त्या म्हणाल्या. "त्याच्यावर नुसत्या गाठी आणि वळणं. एवढा मऊ माणूस, कोणाला उलटून बोलायचा नाही. जे बोलत नाहीत ते सगळं पायात उतरतं त्यांच्या. सकाळी हात लावला की मला कळतं काल काय झालं ते. त्यांना वाटतं मला कळत नाही."

काकांनी पट्टीसाठी पाय जरा वर धरला.

"तुमच्या घरी कोणी नाही का बांधायला?"

"बायको बांधायची."

"गेली?"

"नाही. आहे. विसरते ती आता."

"रागवू नका तिच्यावर."

"नाही रागवत."

"माणूस मुद्दाम नाही विसरत," काकू म्हणाल्या, आणि पट्टीचं टोक खोचलं. नीट बसलं का बघितलं. काकांनी गुडघा जरासा पुढं केला. बाहेर रस्त्यावर कोणीतरी शटर वर केलं. काकूंचा हात उचलला गेला, आणि टेबलाचा आधार घेऊन त्या उठल्या.

"झालं. सावकाश जा हं, दादा."

त्यांनी कपाटातून दुसरी गुंडाळी काढली, ती मांडीवर घेतली आणि दाराकडे तोंड करून बसल्या. काकांनी इस्त्री तापत ठेवली नाही. गुडघा तसाच पुढं ठेवून ते स्टुलावर बसून राहिले.